प्रभातचे पाच भागीदार आणि आपल्या खळ्यातला धंदा

(धामापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन शेवटी घेतले आहेत.)

आजचा विषय कागदावर जरा जड दिसतो. आर्थिक सावधगिरी आणि सर्जनशील दृष्टी यांचा भागीदारीत मेळ कसा घालायचा, असा तो विषय. साध्या भाषेत सांगायचं तर, दोघांनी मिळून धंदा काढलाय. एकाच्या डोक्यात रोज नवीन काहीतरी येतं, दुसरा रोज संध्याकाळी रोजमेळ लिहितो. पहिल्याला वाटतं, हा माणूस मला उडू देत नाही. दुसऱ्याला वाटतं, हा माणूस मला बुडवणार. दोघांचंही म्हणणं थोडंथोडं खरं असतं, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

आम्ही आज यावर उपदेश करणार नाही. आपल्या मराठी मुलखातच याची दोन मोठी उदाहरणं घडून गेली आहेत. त्यांत काय झालं ते नीट पाहू, मग कायदा काय म्हणतो ते पाहू, आणि शेवटी आपल्या इथल्या, म्हणजे मालवण-धामापूरकडच्या धंद्याचा एक हिशेब फळ्यावर मांडू.

पहिलं उदाहरण गंधर्व नाटक मंडळीचं. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारीत नवी कंपनी काढली. तिघेही कलावंत, आणि तिघेही थोर. ‘स्वयंवर’ १९१६ चं, ‘एकच प्याला’ १९१९ चं. लोक गाड्या करून नाटकाला येत. मग पैसा कमी का पडावा? तर रंगभूमीवर जे दिसेल ते अस्सलच दिसलं पाहिजे, हा बालगंधर्वांचा बाणा. शालू उंची, अत्तर खरं, साथीला तबल्यावर थिरकवांसारखा उस्ताद. १९२० च्या ‘द्रौपदी’साठी मयसभेचा जो थाट केला, त्याची वर्णनं आजही लोक सांगतात.

यात चूक काय, असं कुणी विचारेल. कलेच्या अंगाने चूक काहीच नाही. अडचण अशी होती की ‘हे परवडतं का?’ असा प्रश्न विचारण्याचा अधिकार ज्याला आहे असा माणूस हळूहळू कंपनीत उरलाच नाही. आधी टेंबे बाहेर पडले, मग बोडस. मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली आणि मालकीबरोबर कर्जही आलं. पुढची कित्येक वर्षं तो थोर गळा कर्ज फेडण्यासाठी गात होता. आम्हांला यात उधळेपणाची गोष्ट फारशी दिसत नाही. भागीदार गेला की त्याचा पैसा जातोच, पण त्याचं ‘नाही’सुद्धा जातं. आणि ते ‘नाही’ बाजारात विकत मिळत नाही.

आता दुसरं उदाहरण, आणि इथे आपण जरा जास्त वेळ थांबू. प्रभात फिल्म कंपनी.

१ जून १९२९, कोल्हापूर. बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले चौघे जण बाहेर पडतात. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम. त्यांना पाचवे भागीदार मिळतात सीतारामपंत कुलकर्णी, कोल्हापुरातल्या सराफी व्यवसायातले. पैसा मुख्यतः त्यांचा.

हा पाचवा माणूस कुठे बसला, ते बघा. बाबुराव पेंटरांची कंपनीही कुणाच्या तरी पैशावरच उभी राहिली होती. तानीबाई कागलकरांनी त्यांना पैसा दिला, हे प्रसिद्धच आहे. पण तिथे पैसा देणारा एका बाजूला आणि काम करणारा दुसऱ्या बाजूला. प्रभातमध्ये पैसेवाला त्याच पाटावर येऊन बसला. सावकार आणि भागीदार यांत मोठा फरक आहे. सावकाराला व्याज मिळालं की बास, चित्रपट चांगला झाला काय नि वाईट झाला काय. भागीदाराला व्याजाची हमी नसते. धंदा चालला तर त्याचं चालतं. त्यामुळे तो काळजी करतो, पण चित्रपटाचीही काळजी करतो. आपल्याकडे पुष्कळ जण भावाकडून, मेहुण्याकडून पैसे घेतात आणि ते उसने की भांडवल, हे ठरवतच नाहीत. चांगलं चाललं की मेहुणा भागीदार होतो, वाईट चाललं की सावकार होतो. [हशा] हसू नका, अशा वह्या आम्ही कितीतरी पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. शांताराम दिग्दर्शन करणार. फत्तेलाल कला, म्हणजे नेपथ्य, वेशभूषा, पडद्यावर जे दिसतं ते. धायबर कॅमेऱ्याकडे. दामले यंत्रात रमणारे, बोलपट आल्यावर ध्वनीचं काम त्यांनी हाती घेतलं. प्रत्येकाचं दालन वेगळं. आपल्या दालनात ज्याचा त्याचा शब्द चालायचा. अशी वाटणी असली की रोजची निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत. पडद्याचा रंग कोणता, यावर पाच जणांनी बैठक घ्यायची नसते.

तिसरी गोष्ट आम्हांला सगळ्यांत आवडते. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट, १९३२ चा. तो मराठीत केला आणि हिंदीतही केला. तोच सेट, तेच कपडे, बरेचसे नट तेच. गोविंदराव टेंबे, मघाशी गंधर्व मंडळीतून बाहेर पडलेले तेच, यात राजा हरिश्चंद्र आहेत आणि दुर्गाबाई खोटे तारामती. सेट एकदा उभा केला की त्याचा खर्च झालेलाच असतो. त्याच सेटवर दुसरी भाषा चित्रित केली की फिल्म आणि दिवस यांचा खर्च वाढतो, पण बाजार कोल्हापूर-पुण्यापुरता न राहता उत्तर हिंदुस्थानापर्यंत जातो. ही सावधगिरी आहे की दृष्टी? दोन्ही आहे. चांगल्या भागीदारीत अशा जागा शोधायच्या असतात, जिथे हिशेबनीस आणि कलावंत दोघांनाही एकच गोष्ट हवी असते. त्या फार नसतात. सापडली की सोडू नये.

बरं, प्रभातचं सगळं सरळच गेलं असं नाही. १९३३ ची ‘सैरंध्री’ आठवा. शांतारामांना चित्रपट रंगीत करायचा होता. रंगाचं काम जर्मनीत करून आणलं. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि चित्रपट चालला नाही. मोठा फटका. त्याच साली कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला आली आणि नवा स्टुडिओ उभा करत होती. तुमच्या-आमच्या घरात असं झालं असतं तर काय झालं असतं? जर्मनीला जायची कल्पना कुणाची होती, यावर वर्षभर जेवणं झाली नसती. प्रभातने काय केलं? जर्मनीतून आलेली टेलिफोटो भिंग वापरात आणली. पुण्यातला पहिला चित्रपट १९३४ चा ‘अमृतमंथन’, त्यात राजगुरूच्या डोळ्याचं ते भलंमोठं दृश्य. तो चित्रपट जोरात चालला.

रंगीत प्रयोग फसला तरी कंपनी बुडाली नाही, याचं कारण सरळ आहे. कंपनी त्या एका चित्रपटावर उभी नव्हती. मागचे चित्रपट होते, पुढचा हातात होता. धाडस करणाऱ्याला आम्ही एवढंच विचारतो, हे फसलं तर पुढचं काम करायला आपण शिल्लक असू का? ‘यशस्वी होईल का’ हे कुणालाच सांगता येत नाही, त्यावर वाद घालून उपयोग नाही. ‘शिल्लक राहू का’ याचं उत्तर मात्र वहीत असतं.

आणि आता एक गंमत. आतापर्यंत तुम्ही मनात वाटणी करून टाकली असेल की शांताराम स्वप्नाळू आणि दामले-फत्तेलाल म्हणजे कारागीर, मागे राहणारी माणसं. तर १९३६ साली याच दोघांनी दिग्दर्शन करून ‘संत तुकाराम’ केला. विष्णुपंत पागनीस तुकाराम. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. प्रभातचा सगळ्यांत मोठा चित्रपट कुठला असं विचारलं तर जाणकार आजही बहुधा हेच नाव घेतील. म्हणजे ज्याला आपण ‘यंत्रवाला’ म्हणून कोपऱ्यात बसवलं, त्याच्याकडेही दृष्टी होती. आणि उलटही बघा, शांतारामांनी नंतर स्वतःचा स्टुडिओ कित्येक वर्षं चालवून दाखवला, तो काही हिशेब न कळता नाही. माणसांवर चिठ्ठ्या चिकटवू नयेत, हा हिशेबनीस नि हा कलावंत म्हणून. एखाद्या प्रश्नात सावध कोण आणि धाडसी कोण, हे प्रश्नागणिक बदलतं.

जाता जाता बालगंधर्वांकडे एकदा परत येऊ. १९३५ साली प्रभात आणि बालगंधर्व यांची भागीदारी झाली, त्यातून ‘धर्मात्मा’ आला. बालगंधर्व पुरुष भूमिकेत, संत एकनाथ. एका चित्रपटानंतर वाटा वेगळ्या झाल्या आणि बालगंधर्व नाटकाकडे परतले. आम्हांला हा नुसता स्वभावाचा प्रश्न वाटत नाही, खर्चाच्या जातीचाही वाटतो. नाटकात ‘वन्समोअर’ आला की तेच पद पुन्हा गायचं. खर्च काही नाही, रात्र थोडी लांबते, लोक खूश. चित्रपटात तेच पद पुन्हा घ्यायचं म्हणजे फुटाफुटाने फिल्म जळते. नाटकात औदार्य फुकट होतं, स्टुडिओत त्याला बिल होतं. एका धंद्यातली सवय दुसऱ्या धंद्यात तशीच नेली की माणूस चुकीचा ठरतो, माणूस वाईट नसताना.

प्रभातचा शेवटही सांगायला हवा. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल काढलं. १९४५ मध्ये दामले गेले. पन्नाशीच्या दशकात प्रभातचं काम थांबलं. १९६० मध्ये सरकारने त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. कुणामुळे मोडलं यावर पुस्तकंच्या पुस्तकं झाली आहेत, त्यात आम्ही शिरणार नाही. आमचं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जातं. भागीदारी सुरू कशी करायची हे सगळे ठरवतात. एकजण निघाला तर नाव कुणाचं, यंत्रं कुणाची, जुन्या कामाचं उत्पन्न कुणाचं, हे चांगल्या दिवसांत कुणी लिहून ठेवत नाही. अशुभ वाटतं ना.

आता कायदा. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा, त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाला. म्हणजे ‘अयोध्येचा राजा’चंच वर्ष. आजही तोच चालतो. त्यात कलम १३ आहे, ते सगळ्यांनी एकदा वाचावं. तुम्ही आपसांत काही ठरवलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा. एकाने सगळं भांडवल घातलं आणि दुसऱ्याने नुसती कल्पना आणि मेहनत, तरी सारखा. काम करणाऱ्या भागीदाराला त्या कामाचा पगार मागता येत नाही, पुन्हा तेच, वेगळं ठरलं नसेल तर. भांडवलावर वरचे पैसे कुणी धंद्याला दिले तर त्यावर सहा टक्के व्याज. कलम १२ सांगतं, रोजच्या बाबतीत मतभेद झाला तर बहुमत, पण धंद्याचं स्वरूपच बदलायचं तर सगळ्यांची संमती लागते. दोघांच्या भागीदारीत बहुमत कुठून आणायचं, ते कायद्यालाही सांगता आलेलं नाही. [हशा]

पण सगळ्यांत महत्त्वाचं कलम २५. फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार सगळ्या रकमेसाठी जबाबदार. अर्ध्या रकमेसाठी नव्हे, सगळ्या. एकाने धंद्याच्या नावावर उधारीने दिव्यांचा सेट आणला, तर वसुली दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकते. हे एकदा कळलं की ‘हा भित्रा आहे’ असं आपण पटकन म्हणत नाही. पुष्कळदा सावध भागीदार सावध असतो कारण गहाण पडलेलं घर त्याचं असतं, किंवा बँकेत ठेवलेलं सोनं त्याच्या बायकोचं असतं. त्याच्याकडेही कल्पनाशक्ती आहेच, तो फक्त दुसरा शेवट कल्पितो. म्हणून भांडणाच्या बैठकीत पहिला प्रश्न हा विचारावा, बुडालं तर कुणाचं काय जाणार? दोघांचं सारखं जाणार नसेल तर आधी ते सारखं करा, किंवा ज्याचं जास्त जाणार त्याला नकाराचा जास्त अधिकार द्या.

आता आपल्या गावाकडे येऊ. कलेचा धंदा इथेही आहेच, दशावतार. जुनी पद्धत बघा. एक बाकडं, पायपेटी, पखवाज, झांज. लिखित संहिता नाही, मालक आख्यान सांगणार आणि नट जागच्या जागी संवाद रचणार. जत्रेचा हंगाम संपला की पेटारे घरी. ठरलेला खर्च इतका कमी की कल्पनेला कुणाची परवानगी लागत नाही. राजाने आज वेगळंच भाषण केलं, फसलं तर उद्या दुसऱ्या गावात दुसरं. मग आले ट्रिकसीन. दिवे, धूर, यंत्रं, मोठा टेम्पो. लोकांना आवडतात, गर्दी होते, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण आता प्रत्येक रात्रीचा खर्च वाढला आणि मालकाला ‘हे आख्यान चालेल ना?’ असं विचारावं लागायला लागलं. म्हणजे खर्च वाढला की सावधगिरी आपोआप वाढते. कलावंताला मोकळीक हवी असेल तर स्वस्तात करून बघण्याची सोय राखून ठेवणं, हे त्याच्याच हिताचं आहे.

फळ्यावर एक हिशेब मांडतो. आकडे आम्हीच धरलेत, कुणाचे नाहीत. दोन चुलतभाऊ, मिळून ८ लाख रुपये. धाकट्याला होमस्टेच्या खळ्यात संध्याकाळी दशावतार, भजन, गोष्टी, असं काहीतरी करायचंय. थोरल्याला दोन खोल्या नीट बांधायच्या आहेत, बास. इथला हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाचे चार महिने पाहुणे जवळपास नाहीत. घरखर्च, वीज, एका मदतनीसाचा पगार, कर्जाचा हप्ता धरून महिन्याला ३५,००० धरू. चार महिन्यांचे १,४०,०००. हे पहिल्यांदा बाजूला. याला कुणी हात लावायचा नाही, थोरल्यानेही नाही. उरले ६,६०,०००. खोल्यांना ५ लाख. उरले १,६०,०००.

इथे धाकटा म्हणतो, याचं छोटं रंगमंच बांधू. थोरला म्हणतो, ठेवीत टाकू. दोघेही थांबा. खळं सारवायला, मांडवाला, भाड्याच्या खुर्च्यांना आणि कलाकारांच्या मानधनाला पहिल्या हंगामात ४०,००० ठेवा. हे पैसे बुडाले तरी चालतील, असं दोघांनी आज सही करून मान्य करायचं. त्यात दहा संध्याकाळी करायच्या, म्हणजे एका संध्याकाळीला ४,०००. माणशी २०० रुपये घेतले तर २० माणसं आली की खर्च निघाला. दहापैकी सहा संध्याकाळी २० च्या वर माणसं आली, तर पुढच्या हंगामात रंगमंचावर बोलू. नाही आली, तर धाकट्याने नवीन कल्पना आणायची, रुसायचं नाही. आणि या दहा संध्याकाळी काय दाखवायचं यात थोरल्याने नाक खुपसायचं नाही. ४०,००० च्या आत धाकटा राजा. प्रभातचं दालन म्हणतात ते हेच.

हा धामापूरचा तलाव १५३० चा, नागेश देसायांनी बांधलेला. पाचशे वर्षं होत आली. मातीचा बांध आहे. २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळांमध्ये त्याचं नाव लागलं. आम्ही आज बांधावरून फिरलो तेव्हा एवढंच मनात आलं की नुसता साठा केला असता तर खाली शेती झाली नसती, आणि नुसतं सोडलं असतं तर मेमध्ये विहिरी आटल्या असत्या. तेव्हाच्या माणसांनी यावर व्याख्यान दिलं नसेल, इतकंच. असो.

आता प्रश्न. मागून एका काकांनी विचारलं, “ह्या सगळा बरा, पण पैसे देतलो कोण?” म्हणजे दोघांकडेही भांडवल नसेल तर काय. काका, तर मग कर्ज काढण्याआधी काम लहान करा. कर्जाने खोली बांधता येते, कारण खोलीचं भाडं साधारण सांगता येतं. नव्या कल्पनेसाठी कर्ज काढू नये, कारण हप्ता ठरलेला आणि उत्पन्न न ठरलेलं. ज्याला त्यातून नफ्याचा वाटा हवा आहे असा माणूस शोधा आणि त्याला सीतारामपंतांसारखं पाटावर बसवा, दाराबाहेर नको.

पुढे बसलेल्या ताईंचा प्रश्न, की भागीदारी नवऱ्याच्या भावाशी आहे, घरातच आहे, तर कागद करायला सांगितला की अविश्वास दाखवल्यासारखं होतं. ताई, कागद करायला तुम्ही सांगू नका, कायद्याला सांगू द्या. कलम ६९ प्रमाणे फर्म नोंदवलेली नसेल तर बाहेरच्या माणसाकडून करारातली येणी वसूल करायला फर्मला दावा लावता येत नाही. एखाद्या ट्रॅव्हल एजंटने पैसे थकवले की तुम्ही हात चोळत बसणार. म्हणजे नोंदणी बाहेरच्यांसाठी आहे, दिरांसाठी नाही, असंच सांगा. एकदा भागीदारीपत्र लिहायला बसलात की पाच ओळी त्यात आपोआप येतील: भांडवल कुणाचं किती, महिन्याची उचल किती, किती रकमेपर्यंत एकट्याने ठरवायचं, राखीव किती, आणि कुणी निघालं तर हिशेब कसा. चौथी ओळ पावसाआधी लिहा. या वर्षीचे पाहुणे मेअखेर जातील, तेव्हा हातात पैसा असेल आणि दोघांना बसायला वेळही असेल.